बोंबील उन्हात वाळतात, मग चिकन का नाही?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो. मुलगा दर मे महिन्यात हिमालयात ट्रेकला जातो. गेल्या वर्षी न्यू जर्सीच्या माझ्या नणंदेनं जर्कीची, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांची, दोन पाकिटं पाठवली होती. ती त्याला फार आवडली. आता म्हणतो, आई, घरीच कर. मैत्रिणीकडून तिचा गोल डिहायड्रेटर, म्हणजे गरम हवेनं वाळवण्याचं मशीन, मागून आणला. एक किलो चिकनच्या पट्ट्यांना मसाला लावून ७० अंशांवर सात तास ठेवल्या. वरून कडक लागल्या म्हणून काढून बरणीत भरल्या. आठव्या दिवशी बरणी उघडली तर आंबूस वास आणि काही तुकड्यांवर पांढरं. मुलगा म्हणतो मीठ वर आलंय, मी म्हणते बुरशी. एक तुकडा मोडला तर आत मऊ होता. आता स्वतःचं मशीन घ्यायचा विचार आहे. नणंद दिवाळीत येतेय, तिकडचं तिचं वापरलेलं मशीन आणते म्हणते. ते घ्यावं की इथलं? सासूबाई म्हणतात, पैसे कशाला घालवता, आम्ही बोंबील अगाशीवर वाळवायचो, तसंच हेही वाळेल. शिवाय खालच्या मजल्यावर जैन कुटुंब आहे, त्यांच्याशी आमचा घरोबा आहे, तो बिघडायला नको. काय करू?
– एका ट्रेकरची आई, बडोदे

उत्तर : ताई, सगळ्यात आधी ती बरणी. वर आलेलं मीठ खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं कोरडं, चमकतं असतं आणि बोटाला करकरीत लागतं. बुरशी लवदार असते, कापसाच्या धाग्यांसारखी. पण तुमच्या पत्रात ‘आंबूस वास’ आणि ‘आत मऊ’ हे दोन शब्द आले, तिथंच हा वाद निकालात निघाला. पांढरं काहीही असो, सगळी बरणी फेकायची. पांढरे तुकडे वेचून बाकीचे ठेवू नका, चाखून बघू नका, गल्लीतल्या कुत्र्यालाही घालू नका. बरणी साबणानं धुऊन उकळत्या पाण्यानं विसळा, झाकणाचं रबर काढून त्याच्या खाचेत ब्रश फिरवा. किलोभर चिकन गेलं याची हळहळ वाटणारच, पण ही बरणी घरीच उघडली गेली हे बरं. तंबूत उघडली असती तर जवळचा डॉक्टर दोन दिवसांच्या चालीवर.

आणि हो, मैत्रिणीला सांगितलंत ना, तिच्या मशीनमध्ये काय वाळवलंत ते? पत्रात तसा उल्लेख नाही म्हणून विचारते. ती त्यात केळी-चिकू वाळवत असेल, कदाचित उपासाला खातही असेल. सांगितलं नसेल तर आजच सांगा, आणि ताटल्या गरम पाण्यानं दोनदा धुऊनच परत करा.

आता सासूबाईंचा मुद्दा. तो मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो निम्मा बरोबर आहे. मांस-मासळी वाळवून ठेवणं हे काही अमेरिकेकडून शिकायला नको. ‘जर्की’ हा शब्दसुद्धा इंग्रजांचा नाही, तो दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतल्या ‘चार्की’वरून आला. आपल्याकडे कोकणात सुके बोंबील आहेत, सुकट आहे. मराठवाड्यात दलित घरांमध्ये मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळत घालायचे, त्यांना चान्या म्हणतात. पण या सगळ्यांचं पुढं काय होतं ते आठवा. बोंबील आपण तव्यावर खरपूस भाजतो, मग कालवणात उकळतो. सुकट परततो. चान्यासुद्धा भाजून, तळून किंवा रश्शात शिजवून खातात. वाळवणात जे काही जंतू उरले असतील त्यांचा निकाल खाण्याआधी चुलीवर लागतो. जर्की मात्र खिशातून निघते आणि थेट तोंडात जाते. मधे चूल नाही. सासूबाईंना एवढंच सांगा, त्यांना लगेच पटेल. ज्यांनी आयुष्यभर बोंबील भाजले त्यांना ते कच्चे खाऊन चालतील का, हे समजावायला लागत नाही.

अगाशीवरच्या उन्हाचं म्हणाल, तर बडोद्याच्या मे महिन्यात हवा ४२-४३ अंशांवर जाते. आपल्याला भट्टीत बसल्यासारखं वाटतं, पण जंतूंच्या दृष्टीनं ती वाढीला पोषक ऊब आहे. साधारण ५ ते ६० अंश हा त्यांचा सुखाचा पट्टा. त्यात माश्या, धूळ आणि कबुतरं. कुरडया-पापडांना जे ऊन मानवतं ते कोंबडीला मानवत नाही.

मग मशीनवर तर ७० अंश होतं, तरी का फसलं? यासाठी तुमच्या घरातला माठ बघा. बाहेर लू चाललेली असते आणि माठातलं पाणी गार असतं, कारण माठ पाझरतो, ते पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. मशीनमधली ओली पट्टी हा एक छोटा माठच असतो. भोवतालची हवा ७० अंश असली तरी जोवर तिच्यातून पाणी उडतंय तोवर पट्टीचं स्वतःचं अंग त्याच्या बरंच खाली राहतं. पहिले काही तास ती कोमटच असते. नंतर पाणी उडून जातं, पट्टी खरंच तापते, पण तोवर उशीर झालेला असतो. पाणी कमी होत जातं तसे उरलेले जंतू चिवट होतात, आणि ओल्या मांसात त्यांना मारणारी उष्णता कोरड्या मांसात त्यांचं फारसं वाकडं करू शकत नाही. मशीनच्या पुस्तिकेत ‘मांस : ७०’ असं लिहिलेलं असतं ते हवेचं तापमान असतं, मांसाचं नव्हे. १९९५ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात घरी वाळवलेल्या हरणाच्या जर्कीतून ११ जणांना ई. कोलाय जंतूची बाधा झाली होती. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या जर्की करतात, तरीही. म्हणूनच अमेरिकेच्या शेती खात्याचा सल्ला असा आहे, की मांस आधी आतपर्यंत ७१ अंश, आणि कोंबडी ७४ अंश तापवा, आणि मगच मशीनमध्ये घाला. डिहायड्रेटरचं काम पाणी काढण्याचं. शिजवण्याचं काम आपलं, आणि ते आधी करायचं.

आणि यासाठी बडोद्याच्या घरात लागणारं भांडं आधीच आहे, ढोकळ्याचा कुकर! मोदकपात्रही चालेल, पण ढोकळ्याच्या पसरट थाळ्या जास्त सोयीच्या. कृती सविस्तर सांगते, कारण तुमच्या पट्ट्यांचा आतला मऊपणा इथंच सुधारेल.

चिकनची छातीच घ्या, बिनहाडाची. तिच्यावरची चरबी आणि पातळ पडदा सुरीच्या टोकानं सोडवून काढून टाका. चरबी वाळत नाही, ती नुसती खवट होते. दीड तास फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे खव्याच्या घट्ट गोळ्यासारखी होईल. मग धारदार सुरीनं पट्ट्या कापा. जाडी ५ मिलिमीटर. दहा रुपयांची तीन नाणी एकावर एक ठेवली की होते तेवढी. खरोखर ठेवून बघा, कारण डोळ्याला ५ आणि ९ मिलिमीटर सारखेच वाटतात. मला खात्री आहे की तुमच्या पट्ट्या एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला बोटाएवढ्या जाड होत्या. जाड पट्टी वरून भराभर वाळते, तिच्यावर कडक साल धरते आणि आतलं पाणी त्या सालीच्या आड अडकून पडतं. मोठ्या आचेवर टाकलेली भाकरी जशी वरून करपते आणि आत पीठ राहतं, तसंच हे. हाताला कडक लागली म्हणून तुम्ही फसलात. तुमचा दोष नाही, सालीनंच फसवलं. मांसाच्या धाग्यांना आडवं कापलं तर पट्टी चावायला सोपी जाते, धाग्यांच्या दिशेनं कापलं तर चिवट होते आणि तोंडात बराच वेळ पुरते. मुलाला विचारा त्याला कुठली हवी. पहिल्या खेपेला मी आडवीच कापा म्हणेन.

मसाला तुमचा तुम्ही ठरवा, पण एक किलोला मीठ २० ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. सोया सॉस घालणार असाल तर मीठ कमी करा. चार मोठे चमचे व्हिनेगर, लसूण, लाल तिखट, मिरपूड, हवा असेल तर गुळाचा खडा. तेल नाही, दही नाही, खोबऱ्याचं वाटण तर अजिबात नाही. ज्यात स्निग्धांश आहे ते सगळं पंधरा दिवसांत खवट वासाला लागतं. मी स्वतः एकदा हौसेनं कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून बघितलं आहे. तिसऱ्या दिवशी डब्याला जुन्या वहाणेचा वास येत होता, पुढचं सांगत नाही. मुरवायचं ते फ्रीजमध्ये, रात्रभर. ओट्यावर ‘दोन तास ठेवते’ असं नको. उरलेला मसाल्याचा रस फेकून द्यायचा.

सकाळी ढोकळ्याच्या थाळीला जाळी किंवा केळीचं पान घालून पट्ट्या एकाच थरात पसरा आणि उकळत्या पाण्यावर वाफवा. आठ-दहा मिनिटं लागतात, पण घड्याळावर विश्वास ठेवू नका. टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. सगळ्यात जाड पट्टी चिमट्यानं उचला, सळई कडेनं तिच्या लांबीत घाला आणि आकडा ७४ च्या वर गेला की नाही ते बघा. हा थर्मामीटर खरा आहे की नाही तेही आधी तपासून घ्या. बर्फाच्या पाण्यात ० आणि उकळत्या पाण्यात १०० दाखवायला हवं. बडोदं समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, त्यामुळे आपल्याकडे पाणी जवळजवळ शंभरालाच उकळतं. दोन अंश इकडंतिकडं चालेल, सात-आठ नाही.

वाफवलेल्या पट्ट्या स्वच्छ फडक्यानं टिपा. थोडा मसाला वाफेत धुऊन जातो, म्हणून मी या वेळी वरून कोरडी मिरपूड आणि तिखट भुरभुरते. मग गरम असतानाच मशीनमध्ये, ६० ते ६५ अंशांवर. एकमेकींना चिकटू देऊ नका, मधून हवा खेळली पाहिजे. वाफवलेलं चिकन कच्च्यापेक्षा लवकर वाळतं. चार तासांनी तपासायला लागा, बहुधा सहा तासांत होतं.

तपासायचं कसं? गरम पट्टी नेहमी मऊ लागते, म्हणून एक बाहेर काढा आणि पाच मिनिटं ताटलीत गार होऊ द्या. मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू वाकवा. वळणाच्या जागी बारीक भेगा पडायला हव्यात, आत पांढरट धागे दिसायला हवेत, आणि तरी ती तुटता कामा नये. नुसती वाकली आणि चीर पडली नाही, तर अजून तासभर. काडकन मोडली, तर जास्त वाळली आहे, खायला हरकत नाही, दाढा सांभाळा. नंतर मधोमध कापून बघा. आत बाहेरच्यापेक्षा ओलसर, चकचकीत रेघ दिसली तर तोच तो आतला मऊपणा. ही चाचणी एका ताटलीवर करून भागत नाही, वरच्या, मधल्या आणि खालच्या ताटलीतली एकेक घ्या. एक किलोचं शेवटी तीनशे-साडेतीनशे ग्रॅम उरतं. पहिल्यांदा बघाल तेव्हा चोरीला गेल्यासारखं वाटेल.

बोकडाचं करायचं असेल तर मांडीचं, बिनहाडाचं आणि चरबी साफ केलेलं सांगा. बोकडाचं मटण मुळातच कमी चरबीचं असतं, त्यामुळे जर्कीला उत्तम. अमेरिकन पाककृतींत गोमांस असतं, गुजरातेत गोवंशहत्येला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा तो विषयच नाही. मटण वाफवून फार आवळतं असं वाटलं तर दुसरा मार्ग आहे. आधी वाळवा आणि मग ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, १३५ अंशांवर तापवून त्यात दहा मिनिटं ठेवा. हे फक्त पातळ पट्ट्यांना. चिकनसाठी मात्र वाफच. खिम्याची जर्की करायचं साधनही मिळतं, सध्या त्याच्या वाटेला जाऊ नका. अखंड तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळलेले असतात.

आता मशीन. दुकानदार तुम्हाला ताटल्या मोजून दाखवील. ताटल्या किती याला अर्थ आहेच, किलोभर पट्ट्या सुट्या पसरायला पाच-सहा लागतात, पण त्याआधी दोन प्रश्न विचारा : तापमान ठरवता येतं का, आणि पंखा कुठे आहे? स्वस्तातल्या काही मशीनना नुसतं चालू-बंद बटण असतं. ती मेथी आणि पुदिन्याला ठीक, मांसासाठी घेऊ नका. किमान ६५-७० अंशांपर्यंत जाणारं आणि तिथं टिकणारं हवं. पंखा तळाला असलेल्या गोल मशीनमध्ये खालची ताटली करकरीत होते तेव्हा वरची अजून ओली असते, आणि मांसाचा रस ठिबकून थेट पंखा-हीटरवर पडतो. माझं पहिलं मशीन असंच होतं. कंपनीचं नाव घेत नाही, आता ती ते बनवतही नसावी. दर दीड तासाला ताटल्या खालीवर करायच्या. एकदा रात्री लावलं आणि दोन वाजताचा गजर लावून उठले, तर यजमान म्हणाले, बाळंतिणीच्या खोलीतही इतकं जागरण नव्हतं! शेवटी थर्मामीटरची सळई आत ठेवून बघितलं तेव्हा कळलं, बटण ६० वर होतं आणि वरच्या ताटलीत ४६. चौदा अंशांचा खोटेपणा मी दोन वर्षं चालवून घेतला होता.

म्हणून चौकोनी, कपाटासारखं, मागच्या भिंतीत पंखा असलेलं मशीन घ्या. हवा आडवी वाहते, सगळ्या ताटल्यांना बऱ्यापैकी सारखी मिळते, रस खाली ट्रेमध्ये पडतो आणि दार उघडून मधलीच ताटली ओढून तपासता येते. ताटल्या शक्यतो स्टीलच्या. प्लॅस्टिक लसणाचा वास धरून ठेवतं, मग त्याच ताटलीत चिकू वाळवला की चिकूला लसणाची फोडणी. गोल प्लॅस्टिकची मशीन चार-पाच हजारांपासून मिळतात, स्टीलची चौकोनी साधारण दहाच्या पुढे. वेळ संपल्यावर आपोआप बंद होणारा टायमर हवाच. आणलंत की आधी रिकामंच चालवा, ६० वर लावा, अर्ध्या तासानं प्रत्येक ताटलीवर थर्मामीटर ठेवून आकडे कागदावर लिहा. परत करायची मुदत उलटण्याआधी हे करा. काही एअर फ्रायरमध्ये ‘डिहायड्रेट’ असं बटण असतं, ते वापरता येतं, पण एका वेळी मूठभर पट्ट्या मावतात. ओटीजीचं सगळ्यात कमी तापमान पुष्कळदा १०० असतं, त्यात वाळत नाही, भाजलं जातं.

विजेची काळजी नको. ५०० वॅटचं मशीन सहा तास सतत चाललं तरी ३ युनिट, आणि तापमान राखणारा थर्मोस्टॅट हीटर मधून मधून बंद करत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच.

नणंदेचं मशीन मात्र प्रेमानं नाकारा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. समजा ६०० वॅटचं तिचं मशीन तसंच आपल्या प्लगमध्ये लावलं, तर दुपटीच्या आसपास व्होल्टेजमुळे हीटर जवळजवळ पावणेचार पट वीज ओढेल, म्हणजे सव्वादोन हजार वॅटच्या घरात. फ्यूज उडाला तर नशीब म्हणायचं. नाहीतर मशीन जळेल. मधे व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो १००० वॅटचा घ्यावा लागेल. चांगला जड असतो, सहा-सहा तास गुंगत आणि तापत बसतो, आणि त्याच्या किमतीत अर्धं मशीन येतं. एवढं करूनही वीज तिकडे ६० हर्ट्‌झची, इथे ५०, त्यामुळे साध्या मोटरचा पंखा मंद फिरतो. आणि वाळवणात पंखाच मंद झाला तर राहिलं काय?

करायचं कधी? आपल्याकडे याचं उत्तर हवा आणि शेजारी दोघं मिळून देतात. जुलै ते सप्टेंबर बडोद्याची हवा इतकी ओली असते की मशीनला तास-दोन तास जास्त लागतात, आणि काढलेली पट्टी टेबलावर विसरलात तर पापडासारखी सादळते. त्याच काळात सासूबाईंचा श्रावण, आणि त्याला लागून खालच्यांचं पर्युषण. तेव्हा ते तीन महिने मशीनमध्ये काही वाळवायचंच असेल तर मेथी आणि केळी. दिवाळीनंतर उत्तरायणापर्यंत हवा छान कोरडी असते, शिकायला तो काळ उत्तम. मेच्या ट्रेकसाठी एप्रिलच्या शेवटी ताजी करा.

वासाचं सरळ सांगते, वास येतो. मांसापेक्षा लसणाचा जास्त, आणि तुमच्या शेजाऱ्यांना दोन्ही नकोत. त्यांच्या बाजूची खिडकी बंद ठेवा, मशीन एक्झॉस्टखाली ओट्यावर ठेवा, पण मागं वीतभर जागा सोडा, नाहीतर तेच दमट वारं ते परत ओढेल. लसणाऐवजी हिंग आणि मिरपूड घालून एक खेप करून बघा, वास निम्म्यावर येतो. कच्च्या मांसाचा कचरा पिशवीची गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवा आणि गाडी येईल त्या सकाळीच खाली न्या. आणि लपवाछपवी नको. मशीन आणलंय, महिन्यातून एकदा दुपारी चालेल, तुमच्याकडे पाहुणे किंवा पूजा असेल तर आधी सांगा, एवढं जिन्यात उभं राहून बोललात तर घरोबा टिकतो. ताटल्यांचे दोन संच ठेवा, मांसाच्या ताटल्यांना कडेला लाल दोरा बांधा. माझ्या सासरी मटणाचं पातेलं वेगळ्या फळीवर असायचं, तीच पद्धत. मात्र जैन शेजाऱ्यांना त्या मशीनमधला चिकू देऊ नका, ताटली वेगळी असली तरी. पंखा आणि हवा तीच असते, आणि त्यांना चालेल की नाही हे त्यांनी ठरवायचं, आपण नाही.

ठेवायचं कसं, तर पूर्ण गार झाल्यावर लगेच हवाबंद. घरात फ्रीजबाहेर ठेवलेली जर्की दोन आठवड्यांत संपवायची, आणि हा आकडा थंड कोरड्या जागेचा आहे, आपल्या एप्रिलमधल्या ओट्याचा नाही. मी तर बाहेर ठेवतच नाही. फ्रीजरमध्ये सहा महिने चांगली राहते. मुलासाठी दोन-दोन दिवसांच्या छोट्या पुड्या भरा, निघायच्या दिवशी फ्रीजरमधून काढा. एकच मोठी पिशवी दिली तर ती ओल्या हातांनी रोज उघडली जाणार. दर पुडीवर तारीख लिहा. पुड्या भरण्याआधी पहिले दोन दिवस पारदर्शक बरणीत ठेवून आतून दव धरतंय का बघा. धरलं, तर वाळली नाही, परत मशीनमध्ये.

सासूबाईंना रक्तदाब असेल तर त्यांच्यासाठी एक शब्द. किलोमधलं २० ग्रॅम मीठ शेवटी तीनशे ग्रॅममध्ये येतं. चार पट्ट्या, म्हणजे ३० ग्रॅम, खाल्ल्या की दीड-दोन ग्रॅम मीठ पोटात. दिवसाला एकूण ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसभर चढून घाम गाळणाऱ्या मुलाला ते चालतं, सोप्यावर बसून मालिका बघताना लीलो चेवडो खावा तसं खाल्लं तर नाही.

नणंदेला काही आणायचंच असेल, आणि नणंद म्हटल्यावर आणणारच, तर तिला तो सळईचा थर्मामीटर आणायला सांगा. बॅटरीवर चालतो, व्होल्टेजची भानगड नाही. फक्त तिकडचे फॅरनहाइट दाखवतात, मागं बारीक बटण असतं ते दाबून सेल्सियसवर करून घ्या. नाही सापडलं तर ढोकळ्याच्या कुकरवर चिठ्ठी चिकटवा : १६५ म्हणजे आपले ७४.